हे स्टेशन माझं नाही

१

रविवारी सकाळी मास्तरांनी आपलं स्टेशन दोन्ही हातांनी उचललं, जरा तोलून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

आम्ही हसलो. आता यावर हसायचं नाही तर काय करायचं? स्टेशन त्यांचंच होतं. तेच उतरतं छप्पर, तीच पुढची पडवी, त्याच सात खिडक्या, तोच तिकीटघराचा झरोका. पुठ्ठा, काड्या आणि सँडपेपर यांतून त्यांनी ते वर्षानुवर्षं बसून केलं होतं. ज्या खऱ्या स्टेशनवर त्यांची सगळी नोकरी झाली ते केव्हाच पाडून टाकलं. उरलं ते हे, एका वहीएवढ्या जागेत मावणारं.

आम्ही कोण ते सांगते. आम्ही पाच मोठी माणसं छोट्या आगगाड्या खेळतो. खेळतो म्हटलं की सेक्रेटरींना राग येतो, म्हणून मी मुद्दाम तसं म्हणते. पुठ्ठ्याच्या गोदामावरच्या खोलीत आमचे रूळ, गावं आणि बोगदे मांडलेले आहेत. विकतचं काही आणायचं नाही, सगळं हाताने करायचं, हा आमचा एकुलता एक नियम. इमारती मास्तरांच्या. डबे चष्मेवाल्यांचे; त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि मास्तरांशी शाळेपासूनची दोस्ती. तारा, दिवे, सिग्नल सेक्रेटरींचे. झाडं आणि माणसं टेलरबाईंची. डोंगर माझे. मी दातांची डॉक्टर आहे. दवाखान्यातलं उरलेलं प्लास्टर कुठेतरी जायला हवंच ना.

मध्यंतरी खोलीच्या छताला ओल आली. दुरुस्ती होईपर्यंत सगळा पसारा खोक्यांत भरून खाली गोदामात ठेवला होता. गोदामाची किल्ली जिन्यातल्या खिळ्याला टांगलेली, म्हणजे सगळ्यांच्याच खिशात असल्यासारखी. त्या रविवारी सगळं पहिल्यांदा परत जागच्या जागी लागलं होतं.

"मास्तर, अहो नीट बघा तरी," सेक्रेटरी म्हणाले.

"बघून काय करू? मला दिसतंय कुठे? जड आहे हे."

"आपल्या वयात सगळंच जड लागतं हो," टेलरबाई म्हणाल्या. त्याही मास्तरांच्याच वयाच्या, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क आहे.

मास्तरांचा मुलगा दारात उभा होता. वडिलांची नजर अधू झाल्यापासून तोच त्यांना गाडीतून आणतो आणि नेतो. "घरीही हल्ली दिसत नाही म्हणून असंच चाललंय," तो खाली बघत म्हणाला. त्यावर कोणीतरी 'साठी बुद्धी नाठी' असं पुटपुटलं. बहुतेक सेक्रेटरीच. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा जुना आजार.

मग चष्मेवाले पुढे झाले आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझंच आहे रे. मला ओळखू येणार नाही का?"

मास्तर त्यांच्या आवाजाकडे तोंड करून थांबले. "तू म्हणतोस?"

"मी म्हणतो."

"बरं," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. मग दिवसभर त्यांनी कशालाही हात लावला नाही.

मला ते 'बरं' अजिबात आवडलं नाही. मास्तर असं चटकन कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हतेच.

२

दोन दिवसांनी मास्तरांचा मुलगा दवाखान्यात आला. दाढ दुखत होती. माझ्या धंद्याची एक अडचण अशी की लोक माझ्यासमोर तोंड उघडतात, पण तोंडात माझाच हात असल्याने बोलत काही नाहीत. चूळ भरायला उठला तेव्हा कुठे तो बोलला.

"रविवारी बाबांना ज्येष्ठांच्या निवासात पोचवतोय. जागा मिळाली."

"इतकी घाई?"

"ठरलंय."

"आणि त्यांचं कामाचं टेबल? हत्यारं?"

"तिथे धारदार वस्तू चालत नाहीत. पातीसुद्धा ठेवता येत नाही."

त्यानंतर त्याची दाढ मी नेहमीपेक्षा जरा जोरात कोरली. त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. सकाळी उठून पुठ्ठ्याला पातं लावणं हेच ज्या माणसाचं जगणं, त्याच्या हातातून पातं काढून घ्यायचं आणि वर खाणंपिणं वेळेवर मिळेल म्हणून सांगायचं, याला काय म्हणावं? आणि हे सगळं कशावरून, तर बाप स्वतःचं काम ओळखत नाही यावरून.

म्हणजे प्रश्न सरळ होता. मास्तर चुकले असतील तर मुलाचं बरोबर. पण मास्तरांचं खरं असेल तर आमच्यातलंच कोणीतरी तोंड शिवून बसलंय आणि एका शहाण्या माणसाला वेड्यात काढलं जातंय. ते रविवारच्या आत शोधायला हवं होतं.

दुपारच्या सुट्टीत मी क्लबच्या खोलीत गेले. दात बघायची भिंगं डोळ्यांवर चढवली आणि स्टेशन उचलून खिडकीशी नेलं. छप्पर चोख. पडवीचे खांब चोख. भिंतीचा रंग, त्यावरचे पावसाचे ओघळ, सगळं मास्तरांच्या हातचं वाटावं असं. मला जरा वाईटच वाटलं. म्हातारा खरंच विसरायला लागला की काय?

मग मी खिडक्या बघायला लागले. पहिल्या खिडकीच्या चौकटीत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, रंगाखाली खसखशीहून बारीक कण होता. असतो एखादा. दुसरी खिडकी बघितली. तिलाही होता.

सातही खिडक्यांना होता, आणि सगळ्यांना त्याच कोपऱ्यात.

३

हा कण माझ्या चांगला ओळखीचा आहे. दातांचं माप घेताना साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यातून निघालेल्या दातावर त्या जागी असा कण येतो. तो घासून काढायचा राहिला की पेशंट 'टोचतंय' म्हणून परत येतो आणि मला शिव्या घालतो. हाताने खिडक्या कापणारा माणूस सात चुका करेल, पण सात जागी. एकच चूक एकाच जागी सात वेळा होते ती साच्यात.

आणि मास्तर साचा वापरत नाहीत. साच्याला ते आळशाचं काम म्हणतात. प्रत्येक खिडकी ते वेगळी कापतात, वेगळी तासतात, आणि एखादी बिघडली की दिवसभर घरच्यांशी बोलत नाहीत.

मी मुलाला फोन लावला. "तुमचे बाबा बरोबर आहेत. ते स्टेशन त्यांचं नाही. कोणीतरी दुसरं करून ठेवलंय."

पलीकडे पावलं धावत दूर गेली. परत आल्यावर तो म्हणाला, "कोणी?"

"ते अजून कळलं नाही. पण खिडक्यांवर कण आहेत."

"कण आहेत असं सांगून चालणार नाही, डॉक्टर. नाव लागेल. नाव सांगा, नाहीतर उपयोग नाही." आणि त्याने फोन ठेवला. मला त्याचा इतका संताप आला की पुढच्या पेशंटला मी जरा वेळ बाहेरच बसवलं.

आता साचा करायला जे मटेरियल लागतं ते कुठलं? माझंच. दवाखान्यातलं जुनं झालेलं मापाचं मटेरियल मीच क्लबात वाटलं होतं. मास्तरांनी नाक मुरडून परत केलं. टेलरबाई, सेक्रेटरी आणि चष्मेवाले यांनी नेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

संध्याकाळी टेलरबाईंच्या दुकानात गेले. त्या मशीनवर एक पडदा शिवत होत्या.

"मी त्याच्यात मुंडकी काढली," त्या म्हणाल्या. "बघितली नाहीत का माझी माणसं? हल्ली सगळी एका आईची लेकरं दिसतात."

"स्टेशनात काही वेगळं वाटलं होतं का तुम्हाला?"

त्यांनी मशीन थांबवलं. "आता विचारताय म्हणून सांगते. पडवीतल्या बाकावरची बाई मी बसवली होती, कापडाच्या डिंकाने. बोटाने सहज सुटते ती. रविवारी जरा सरळ करायला गेले तर हलेना. कशाने तरी अगदी पक्की केलीय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, सेक्रेटरींनी केलं असेल. त्यांना सगळंच पक्कं लागतं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि त्या जागेवरून मास्तरांचं आणि त्यांचं वाजलं होतं ना. त्यांना तिथे मोठं जंक्शन करायचंय. म्हाताऱ्याचं स्टेशन आड येतं. मी काही म्हणत नाही हं, पण आतला दिवासुद्धा त्यांनीच बसवलाय. छप्पर काढा आणि बघा."

मी काही म्हणत नाही, असं म्हणून टेलरबाईंनी सगळंच म्हटलं होतं.

४

"छपराला हात लावायचा नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"का? आत काय आहे?"

"आत दिवा आहे. आणि क्लबचं प्रदर्शन तोंडावर आलंय. तुमचं काय चाललंय, डॉक्टर? साप म्हणून भुई धोपटताय नुसती."

मी खिशातून दवाखान्यातली पाती काढली आणि छपराच्या कडेने फिरवली. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. छप्पर अलगद सुटलं. आत इवलासा दिवा होता, त्याच्या तारा होत्या, आणि जमिनीवर दोन करड्या चपट्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. मी नखाने टोकरून पाहिलं. शिसं होतं.

जड आहे हे, असं मास्तर म्हणाले होते. डोळ्यांनी दिसलं नाही ते हातांना बरोबर कळलं होतं.

आता आमच्यात धातूशी खेळणारा माणूस कोण? सेक्रेटरी. दिवसभर हातात सोल्डरिंगची कांडी, टेबलावर धूर. मी पट्टी उचकटून त्यांच्यासमोर धरली. "हे तुमच्याकडचं ना?"

ते लाल झाले. नाकाने कांदे सोलणारा माणूस, त्याला चोर म्हटल्यावर दुसरं काय होणार?

"माझ्याकडे तार असते, बाई, तार! बारीक तार! हे पत्र्यासारखं कापलेलं शिसं आहे. आणि दिवा बसवला तेव्हा आतली जमीन कोरी होती, ते मी शपथेवर सांगतो. या वेळी मी फक्त खालून तारा जोडल्या, छप्पर उघडलंच नाही."

"पण जागेवरून तुमचं भांडण—"

"भांडण होतं! अजून आहे! मला तिथे जंक्शन हवंय, म्हणून मी त्यांचं स्टेशन हलवा म्हणेन, की त्याच जागी त्यांचंच स्टेशन नव्याने बांधून देईन?"

हे खरं होतं. मी पट्टी खाली ठेवली. ते मात्र बोलतच राहिले; राग आला की त्यांना थांबता येत नाही.

"आणि स्टेशनात वजन कोण घालतं? स्टेशन काय वळणावर उलटणार आहे? बघा तरी कुठे लावलंय, दोन टोकांना, बरोबर मापून, चाकांच्या वर लावल्यासारखं! स्टेशनाला चाकं असतात का—"

ते एकदम थांबले.

"अरे देवा," सेक्रेटरी म्हणाले.

५

काड्यापुठ्ठ्याचा डबा हलका असतो. हलका डबा वळणावर रूळ सोडतो. म्हणून डबे करणारा माणूस छप्पर बसवायच्या आधी आत, दोन्ही टोकांना चाकांच्या वर, शिशाची पट्टी चिकटवतो. आमच्या क्लबात डबे करणारा माणूस एकच. त्याने इतकी वर्षं एकही डबा शिशाशिवाय बंद केला नव्हता, आणि मग एकदा आयुष्यात त्याने स्टेशन केलं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

शनिवारी मी चष्म्यांच्या दुकानात गेले. चष्मेवाले एका चष्म्याची दांडी वाकवत होते. मी काचेच्या काउंटरवर शिशाची पट्टी ठेवली.

त्यांनी ती पाहिली, मग उचलून उलटीपालटी केली. "ही कुठे मिळाली?"

"स्टेशनात."

"मी घातली?" त्यांचा चेहरा असा झाला की त्यांना खरंच ठाऊक नव्हतं याबद्दल मला शंका उरली नाही. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून बाजूला ठेवला. "घातली असेन. छप्पर लावायची वेळ आली की हात आपोआप तिकडे जातो."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मी न विचारता. नव्या डब्याची पायरी फलाटाच्या उंचीला जुळते का ते मापायला ते गोदामात गेले होते. वर उजेडात न्यायला खोकं उचललं आणि जिन्यावर त्याचा ओलीने भिजलेला तळ फाटला. स्टेशन दगडी पायऱ्यांवर आपटत खालपर्यंत गेलं. धड राहिली ती एक खिडकी, बाकावरची बाई आणि आतला दिवा.

"सांगायचं ना त्यांना."

"कसं सांगू? त्याला आता दुसरं करता येणार नाही. त्याची नजर मीच तपासतो, डॉक्टर. त्याच्या डोळ्यांत किती उरलंय ते त्याच्याआधी मला कळतं." त्यांनी पट्टी परत काउंटरवर ठेवली. "म्हणून मी केलं. एका खिडकीवरून सात काढल्या, बाकी सगळं फोटो आणि आठवण. इतकं चांगलं काम मी जन्मात केलेलं नाही. आणि कोणाला दाखवायची सोय नव्हती."

"आणि त्यांनी नाही म्हटल्यावर?"

"वाटलं होतं, त्याला कळणारच नाही. कळलं तेव्हा सगळे हसत होते. तेवढ्यात बोलायला हवं होतं. नाही बोललो, आणि मग ते रोज जास्तच अवघड होत गेलं."

मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हींपैकी कशाने बोलावं ते समजेना. शेवटी रागाने बोलले. "उद्या सकाळी ते निवासात जातायत. पाती, फूटपट्टी, डिंक, सगळं इथेच ठेवून. स्वतःला वेडा समजून. तुमच्यामुळे."

त्यांनी मान डोलावली. "मी येतो उद्या."

"नाही आलात तर मी सांगेन."

"तुम्ही सांगू नका," ते म्हणाले. "मला येऊ द्या."

मी सकाळी लवकर मास्तरांच्या घरी पोचले. चष्मेवाल्यांचा पत्ता नव्हता.

६

गाडीची डिकी उघडी होती. बाहेरच्या खोलीत दोन खोकी बांधून ठेवलेली. मास्तर बूट घालून खुर्चीत बसले होते, प्रवासाला निघालेल्या माणसासारखे, आणि खिडकीखालचं त्यांचं टेबल मोकळं पुसून ठेवलेलं होतं. त्या टेबलावर मी कधी हातभर मोकळी जागा पाहिली नव्हती.

"या डॉक्टर," मास्तर म्हणाले. "ते लहान खोकं तुम्हीच घेऊन जा. पाती आहेत त्यात. तुमच्या कामाला येतील."

मुलगा दोरीची गाठ आवळत होता. मी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आता आपणच बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

चष्मेवाले आत आले ते उंबऱ्याशीच थांबले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुझं स्टेशन माझ्या हातून फुटलं," ते म्हणाले. "तिथे ठेवलंय ते मी केलेलं आहे. तू बरोबर होतास. रविवारी मी तुझ्याशी खोटं बोललो."

मुलाच्या हातातली दोरी तशीच राहिली.

मला राहवेना. मी मुलाकडे वळले. "मिळालं ना नाव? आता तरी पाठवू नका त्यांना."

"मला काय सांगता?" मुलगा एकदम ओरडला. "मी नको नकोच म्हणत होतो! बाबांनीच मागे लागून जागा घ्यायला लावली. कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं वर. तुमचा फोन आला तेव्हा मी धावत आत गेलो, म्हटलं, कोणीतरी दुसरं केलंय. तर म्हणतात, नाही, माझंच आहे. कोण म्हणालं ते ठाऊक आहे ना तुला, म्हणतात!"

आठवडाभर मी चुकीच्या माणसावर दात खात होते. पण त्याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती, कारण मास्तर बोलायला लागले होते.

"तुम्ही सगळे हसलात त्याचं मला काही वाटलं नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, गाडीला उशीर आहे असं सांगावं तसा. "सेक्रेटरी काय बोलले तेही ऐकलं. पण मला माझा हात माहीत होता. हे माझं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग हा म्हणाला, तुझंच आहे."

चष्मेवाल्यांनी चौकटीला हात टेकला.

"हा माझ्याशी खोटं बोलणार नाही, हे मला त्याहून पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मग खोटं काय उरलं? माझं डोकं. घरी आल्यावर मी मुलाला म्हटलं, जागा बघ. उद्या मी गॅस उघडा टाकीन, परवा तुला ओळखणार नाही. त्याच्या आत मला सोडून ये."

चष्मेवाले उभ्या उभ्या रडत होते, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"एक आठवडा," मास्तर म्हणाले, "मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव म्हणून बघत होतो."

"मी काय करू, सांग," चष्मेवाले म्हणाले. "तुकडे ठेवलेत मी. जोडू आपण. काहीही सांग."

"तुकड्यांचं राहू दे. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे सांग. मोठ्याने सांग. मुलाला ऐकू जाऊ दे."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे."

"परत."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे रे," चष्मेवाले म्हणाले.

मास्तरांनी मान खाली घातली आणि चाचपडत बुटाची नाडी सोडायला घेतली. मुलगा त्यांच्या पायाशी बसला, आणि आधी त्याने ती नाडी सोडली, मग खोक्यांच्या गाठी.